सात वाजून बारा मिनिटं

झांजा जरा खाली ठेवा. तबलाही घटकाभर विसावू दे. मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. ज्यानं आयुष्यात कुणाला लुबाडलं नाही, दारूला शिवला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही, अशा माणसावर देवापुढे मान खाली घालायची वेळ येईल का? हे बघा, पहिल्या रांगेतल्या काकांनी लगेच ‘नाही’ म्हणून मान हलवली. हलवा काका, हलवा. शेवटी तुम्हालाच विचारणार आहे.

तर ऐका. आपल्याच या छावणीच्या गावातले मुकुंदराव अष्टपुत्रे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, माझे शाळासोबती. मी मनाचं सांगत नाही हो — त्यांनीच सांगितलंय, “बुवा, नावासकट सांगा. मी मागे बसून ऐकीन.”

या गृहस्थांना दोन हौशी. एक गोल्फ आणि दुसरी फोटो काढायची. हसू नका! गोकुळात कृष्णाचा चेंडू डोहात गेला की तुम्ही हात जोडता, आणि मुकुंदरावांचा तळ्यात गेला की हसता होय? हौस वाईट नसते, मंडळी. देवालासुद्धा बासरीची हौस होतीच की.

आणि काय त्यांची हौस! चौदा काठ्यांची पिशवी. लांब मारायची काठी वेगळी, वाळूतून चेंडू उचलायची वेगळी, अगदी शेवटी हळूच भोकात ढकलायची वेगळी. कॅमेऱ्याच्या चार लेन्स, एक तिपाई. रोज संध्याकाळी सगळं पुसायचं, तेही बायकोच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं, कारण तेवढं मऊ कापड बाजारात मिळत नाही म्हणे. मी एकदा म्हटलं, मुकुंदा, एवढा मऊ हात वहिनींच्या पाठीवरून कधी फिरवलास का रे? हसला नुसता.

वहिनी म्हणजे कुमुदताई. शाळेत गाणं शिकवायच्या. अखंड बोलायच्या, आणि बोलणं असं गोड की भाजीवाली दोन मिरच्या जास्त घालायची. पहाटे चहाचा थर्मास घेऊन नवऱ्याबरोबर मैदानावर जायच्या. काम काय? मुकुंदराव तिपाईवर कॅमेरा लावून देणार, आणि ते काठी फिरवायला लागले की ताईंनी बटण दाबून धरायचं. कॅमेरा धडाधड वीस-पंचवीस फोटो काढणार. मग कोपर कुठे वाकलं, गुडघा कुठे हलला, हे मुकुंदराव बघत बसणार.

आता त्या खेळाचा एक नियम ऐका. चेंडूसमोर माणूस उभा राहिला की आजूबाजूला कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. आमच्या कीर्तनात एवढी शांतता मिळाली असती तर! ताई सुरुवातीला बोलायच्या. मग मुकुंदरावांनी एक खूण ठरवली. मान वर करायची नाही, नजर चेंडूवरच ठेवायची आणि डावा पंजा असा वर करायचा. गप्प. पुढे पुढे ती खूण घरीही आली. पेपर वाचताना पंजा वर, लेन्स पुसताना पंजा वर. ताई गप्प बसायच्या. त्यांना वाटायचं, एवढी एक तर हौस आहे माणसाला.

गेल्या माघातली गोष्ट. सकाळ झालेली, कोवळं ऊन पाठीमागून येतंय. मुकुंदराव चेंडूसमोर उभे राहिले. मागून आवाज आला, “अहो, ऐकता का जरा, मला —”

पंजा वर.

ताई थांबल्या. मुकुंदरावांनी तीन फटके मारले, तीनदा बटण दाबलं गेलं. मग त्यांनी येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. कोपर झकास होतं. पण ऊन पाठीमागून, त्यामुळे ताईंची लांब सावली पुढे गवतावर पडलेली, फोटोत आलेली. चिडले. म्हणाले, किती वेळा सांगितलं, सावली आत येऊ देऊ नकोस म्हणून. ताई काहीच बोलल्या नाहीत. यांना वाटलं, रुसली. कॅमेरा गळ्यात अडकवला, पिशवी उचलली आणि पुढे गेले. अख्खा खेळ खेळून दहा वाजता परत आले.

तिथल्याच बाकावर ताई कलंडलेल्या होत्या. तोंड वाकडं झालेलं, थर्मास आडवा, चहा साडीवर. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली होती.

दवाखान्यात पोचेस्तोवर अकरा. डॉक्टर भला माणूस. त्यानं सांगितलं, या दुखण्यावर एक इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर दिलं तर जिवावर बेततं. म्हणून नेमकं सांगा, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?

पाहिलंत कधी? मंडळी, सोपा प्रश्न आहे हो! पण मुकुंदरावांना आठवेना. सकाळभर बाई चार हातांवर उभी होती आणि यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. कोपर पाहिलं, चेंडू पाहिला, सावली पाहिली. घाबरून म्हणाले, “सहाला. घरी चहा दिला तेव्हा.” सहा ते अकरा, पाच तास. डॉक्टरनं मान हलवली. इंजेक्शन दिलं नाही.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

दहाव्या दिवशी मुकुंदरावांनी कॅमेरा उघडला. पहिल्या फटक्याचे फोटो, गवतावर ताईंची सावली सरळ. दुसऱ्याचे, उजवा खांदा कललेला. तिसऱ्याचे, उजवा हात लोंबतोय, आणि ती माउली डाव्या हातानं बटण दाबतेय! उभं राहवत नाही, पण यांचा फोटो चुकू नये. आणि त्या पहिल्या, सरळ सावलीच्या फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापलेली — सात वाजून बारा मिनिटं. सात बारा ते अकरा, चार तासही होत नाहीत. जे उत्तर डॉक्टरला हवं होतं ते यांच्याच गळ्यात लटकत होतं.

काठ्या माळ्यावर गेल्या. आता ते दिवसभर खाटेशी बसतात. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, “कुमुद, त्या दिवशी तू काय सांगत होतीस गं?” ताईंनी खूप प्रयत्न केला. ओठ हलले, घशातून नुसता घरघर आवाज आला. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पंजा असा वर केला.

राग होता, थट्टा होती, की आता राहू दे म्हणायचं होतं? मुकुंदरावांना कळलं नाही. मलाही कळलेलं नाही. मी तुम्हाला उगाच गोड अर्थ लावून देणार नाही.

हं, काका. आता सांगा. या माणसानं हात उगारला होता? नाही ना. नुसता वर केला होता. तुमच्या घरात दिवसातून कितीदा वर होतो? मोबाईल बघताना, बातम्या ऐकताना, जप करतानासुद्धा? देवाचं नाव घेता घेता माणसाला गप्प करतो आपण, आणि वर म्हणतो, मन एकाग्र झालं!

आणि मी कोण मोठा लागून गेलो? आज निघताना मी आरशापुढे फेटा बांधत होतो. आमच्या सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, “अहो, एक सांगायचं होतं.” मी आरशातूनच असा पंजा केला. आल्यावर सांग म्हटलं.

पेटीवाले, आरतीचा सूर धरा. मंडळी, आजची आरती तुम्ही म्हणा, प्रसादही तुम्हीच वाटून घ्या. मला माफ करा, मी निघतो. तिला काय सांगायचं होतं ते विचारायचंय.