नळाचं पहिलं पाणी

ताई: ‘नळ सोड. घड्याळ बघ. पाच मिनिटं पुरी झाली की मगच बाटली लाव. पहिलं पाणी कधी धरायचं नाही.’ पाणीखात्यातल्या मोठ्या बाईंनी मला नमुने घ्यायच्या कामावरच्या पहिल्या दिवशी हेच सांगितलं, भाऊसाहेब. बावीस वर्षं झाली. अजून कुठल्याही नळासमोर उभी राहिले की त्यांचा आवाज कानात येतो.

भाऊसाहेब: मग चुकलं कुठं? बाईंनी सांगितलं, तुम्ही केलंत. आता या दाखल्यावर सही करा आणि मोकळ्या व्हा. मीही मोकळा होतो. समितीचा सचिव म्हणजे काय, सगळ्यांच्या सह्या गोळा करणारा माणूस. आत चौथा विषय चाललाय. सतराव्याला हा कागद जोडायचाय, तोही आज पाचच्या आत.

ताई: सही करून मोकळी होणार असते तर मघाशीच झाले असते.

भाऊसाहेब: अहो, लिहिलंय काय असं भयंकर? वाचतो. ‘जुन्या वस्तीतील पाण्याचे गेल्या नऊ वर्षांतील सर्व नमुने पिण्यास योग्य आढळले असून शिशाचे प्रमाण मर्यादेत आहे.’ खोटं आहे यात काही? तुमच्या वहीतलंच उतरवलंय. तिथलं अक्षरसुद्धा तुमचं.

ताई: अक्षर माझंच आहे. पण हा दाखला लागला की त्या तीनशे चाळीस घरांचे नळजोड बदलायचं काम रद्द होणार ना?

भाऊसाहेब: रद्द नाही. ‘तूर्त आवश्यकता नाही.’

ताई: हे तूर्त किती दिवसांचं असतं?

भाऊसाहेब: आपल्या नगरपरिषदेत? नातवंडांच्या लग्नापर्यंत. रस्ते खणायला कोणी तयार नाही, ताई. निवडणूक तोंडावर आलीय. खणलं की लोक शिव्या देतात, आणि जमिनीखाली काय बदललं ते कोणाला दिसत नाही. आतला आवाज ऐका. येतोय ना भिंतीवरच्या स्पीकरच्या डब्यातून? सव्वा तास झाला, सभागृहाच्या खुर्च्या निळ्या हव्यात की तपकिरी. खुर्ची सगळ्यांना कळते. नळाच्या विषयाला अर्धं मिनिट पुरेल. ‘दाखला आहे? आहे. वाचला असे समजण्यात यावे. पुढचा विषय.’

ताई: आणि मी सही नाही केली तर?

भाऊसाहेब: तर पाणीखात्याचे साहेब स्वतः करतील. वर लिहितील, ‘संबंधित कर्मचारी रजेवर.’

ताई: मी तर इथं तुमच्यासमोर बसलेय.

भाऊसाहेब: बसल्या बसल्या रजेवर जाल. तुमचं ओळखपत्र काढून घेतलंय ना त्यांनी?

ताई: सकाळीच. ‘सही झाली की न्या’ म्हणाले. निवृत्तीची फाइलही त्यांच्याच टेबलावर आहे. मला दिसेल अशी ठेवली होती.

भाऊसाहेब: आणि मला सांगितलंय, सही झाल्याशिवाय ताईंना खोलीतून सोडू नका. म्हणजे तुम्ही माझ्यामुळं अडकलात आणि मी तुमच्यामुळं. पंखासुद्धा चालत नाही इथला. नीट सांगा तरी, तुमच्या मनात अडलंय काय?

ताई: तीन दिवसांपूर्वी लेकीच्या घरी गेले होते. तिला त्याच वस्तीत दिलीय. सातवा महिना लागलाय. नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. त्यानं भिंतीतली नळी नखानं खरवडली, तर ओरखडा उठला. आतून चांदीसारखी चमकली. म्हणाला, ‘काकू, ही शिशाची आहे. या चाळींत सगळीकडे हीच.’ रस्त्यातली मोठी वाहिनी लोखंडाची, पण तिथून घरापर्यंतचा तुकडा शिशाचा.

भाऊसाहेब: मग तुमच्या नमुन्यांत शिसं आलं नसतं का? नऊ वर्षं?

ताई: मीही रात्रभर तेच धरून बसले. मग उजाडता उजाडता डोक्यात प्रकाश पडला. पाणी त्या नळीत रात्रभर साचून राहतं, तेव्हा त्यात शिसं उतरतं. आणि मी काय करते? पाच मिनिटं नळ सोडते. ते साचलेलं पाणी मोरीत जातं, मागून रस्त्यातलं ताजं पाणी येतं, आणि मी बाटली भरते. लोक सकाळी उठून पहिला तांब्या पितात. तो तांब्या मी कधी तपासलाच नाही.

भाऊसाहेब: म्हणजे मोठ्या बाईंनी चुकीचं शिकवलं?

ताई: नाही हो. बाई होत्या तेव्हा आम्ही जंतू बघायचो फक्त. नळाच्या तोंडाशी घाण असते, ती बाटलीत यायला नको, म्हणून पाच मिनिटं. त्या कामाला तेच बरोबर. शिशाचा रकाना नंतर आला. नऊ वर्षांपूर्वी. कोणीतरी छापील कागदावर एक रकाना वाढवला आणि त्याच बाटलीतून तोही भरायला लागले.

भाऊसाहेब: उजवीकडचा रकाना ना तो?

ताई: काय झालं?

भाऊसाहेब: कोणीतरी नाही, ताई. मी. वरून पत्र आलं होतं, ‘यापुढे शिशाचीही तपासणी व्हावी.’ मीच तो रकाना टाइप केला. उजवीकडे जागा होती तिथं. बाटली कशी भरतात, ते काय मला ठाऊक? विचारलंही नाही. पानात व्यवस्थित बसला म्हणून खूश झालो होतो.

ताई: मीही नाही विचारलं. रकाना आला, भरत गेले. एक दिवस नेम मोडला नाही. अंगात ताप असताना घड्याळ बघत उभी राहिलेय मी नळाशी.

भाऊसाहेब: मग आता नव्यानं नमुने घ्यायला लावायचे… थांबा, तेही जमायचं नाही. नव्या तपासणीला समितीची मंजुरी हवी. मंजुरीला कारण हवं. कारण म्हणजे एखादा वाईट नमुना. आणि पाच मिनिटं न सोडता घेतलेला नमुना नियमबाह्य, तो नमुनाच नव्हे.

ताई: म्हणजे वाईट नमुना मिळायला आधी वाईट नमुना हवा.

भाऊसाहेब: नियम असे घट्ट विणलेत की सुई जायला जागा नाही. विणणाऱ्यांत मीही होतोच. ताई, ऐका माझं. लेकीला सांगा, सकाळी पाणी सोडून मग भरत जा. तेवढं केलंत की तुमचं घर सुटलं. सही करा, आठ महिन्यांत निवृत्त व्हा, नातवंड खेळवा.

ताई: सांगितलं ना. परवा पुन्हा जाऊन सांगितलं. सांगून जिना उतरत होते तर तिसऱ्या मजल्यावर दार उघडं. एक पोरगेलीशी बाई कडेवर बाळ घेऊन ओट्याशी उभी होती, नळाखाली बाळाची दुधाची बाटली धरून. मला बघून म्हणाली, ‘तुम्ही पाणीखात्यातल्या ना? बाटल्या न्यायला येता त्या? पाणी चांगलं आहे ना हो आपलं?’

भाऊसाहेब: मग?

ताई: बावीस वर्षं मला हे जो तो विचारतो. मी म्हणते, ‘चांगलं आहे, प्या खुशाल.’ त्या दिवशी म्हटलं, ‘बघून सांगते.’ ती म्हणाली, ‘नक्की ना?’ मी ‘हो’ म्हटलं.

भाऊसाहेब: अहो, असं आपण दिवसातून दहा जणांना म्हणतो.

ताई: तुम्ही म्हणत असाल.

भाऊसाहेब: बरं, लागलं. घ्या, पाणी घ्या. नको, राहू द्या. आता या इमारतीतलं पाणीही प्यायचं धाडस होईना.

ताई: तो कागद द्या इकडे. सहीच्या वर एक ओळ लिहिली तर चालेल?

भाऊसाहेब: काय लिहिणार त्यावर अवलंबून.

ताई: ‘सर्व नमुने नळ पाच मिनिटे सोडून मग घेतले आहेत.’

भाऊसाहेब: एवढंच? हे तर खरंच आहे. साहेबसुद्धा नाही म्हणू शकणार नाहीत. पण उपयोग काय, सांगा! सदस्यांना वाटेल, वा, किती काटेकोर बाई. बाकं वाजवतील तुमच्यासाठी. या ओळीशेजारी एक आकडा हवा. पहिल्या पाण्याचा. आकडा बघितला की माणूस मान वर करतो.

ताई: आणि ओळखपत्राशिवाय प्रयोगशाळा माझी बाटली घेणार नाही.

भाऊसाहेब: तुमची नाही घेणार.

ताई: म्हणजे?

भाऊसाहेब: मी काही बोललो नाही. प्रयोगशाळेला मागच्या बाजूला एक खिडकी आहे. तिथं कोणीही नागरिक आपल्या घरचं पाणी घेऊन जाऊ शकतो. पत्ता, घरमालकाची सही, बाटली. तिथं पाच मिनिटांचा नियम लागू नाही, कारण लोकांसाठी नियम करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. शिशाच्या यंत्राला तासभर पुरतो. साडेसहापर्यंत दिलं तर सकाळी नऊला शिक्क्यासकट आकडा. आणि खुर्च्यांची ही गती बघता सभा उद्यावर जाणार, सतरावा विषय उद्या अकराच्या आत काही येत नाही.

ताई: पण साचलेलं पाणी हवं. आता चार वाजत आले, कोणाचा नळ दिवसभर बंद असेल?… तुमचा फोन वापरू? माझा त्या ओळखपत्राबरोबरच ठेवून घेतलाय.

(ताई लेकीच्या सासूचा नंबर लावतात. पलीकडून आधी दुकानातला गलबला, मग आवाज.)

विहीणबाई: कोण? विहीणबाई तुम्ही होय! हा कुठला नंबर? पटकन बोला, गिऱ्हाईक आहे. अहो तो नाही, त्याच्या शेजारचा पिवळा रीळ द्या त्यांना.

ताई: घरी कोण आहे आत्ता?

विहीणबाई: कोण असणार? दोघं नोकरीवर, मी दुकानात. सकाळी आठपासून कुलूप आहे. का? चोरबीर शिरला की काय?

ताई: तुमच्या ओट्यावरच्या नळाचं बाटलीभर पाणी हवंय. कुलूप काढल्या काढल्या. कोणी हात धुवायच्याही आधी.

विहीणबाई: परवा सांगून गेलात ते शिशाचं ना? पाळतोय हो आम्ही. पहिला तांब्या मी सूनबाईला घेऊच देत नाही, कुंड्यांत ओतते. कुंड्या मेल्या तरी चालतील.

ताई: आता ते पाणी तपासायला द्यायचंय. कागदावर तुमचा पत्ता लागेल. आणि सही.

विहीणबाई: माझी? आणि वरच्या खोलीला मी भाडेकरू शोधतेय त्याचं काय? उद्या गावभर होईल, विषारी पाण्याचं घर म्हणून. दुसऱ्या कोणाचं घर नाही मिळालं?

ताई: नाही मिळालं. हक्कानं मागावं असं दुसरं दार नाही मला.

विहीणबाई: जरा थांबा, गिऱ्हाईकाचे पैसे घेते.

ताई: विहीणबाई? आहात ना?

विहीणबाई: आहे. सोयरीक ठरवायला बसलो होतो तेव्हा मी दहादा म्हटलं, तुमची काही इच्छा असेल तर सांगा. तुम्ही नुसत्या हसलात. मला वाटलं, मान वर करून चालणारी बाई आहे. तीन वर्षं मनात ठेवलंय मी हे. आणि आज मागताय काय, तर माझ्याच नळाचं पाणी!

ताई: मागायची सवय नाही हो.

विहीणबाई: दिसतंय. सही वाकडी येते माझी, चालेल?

ताई: चालेल.

विहीणबाई: मग पाचला दाराशी या. आज दुकानाचं शटर लवकर ओढते. बाटली मात्र तुमची आणा, माझ्याकडच्या सगळ्यांना तेलाचा वास आहे. आणि तुमच्या लेकीला यातलं काही कळवू नका, उगाच घोर लावून घेईल. ठेवते.

भाऊसाहेब: खमक्या आहेत.

ताई: लेक सुखात आहे त्यांच्याकडे. हा घ्या दाखला. ओळ लिहिलीय, सही केलीय.

भाऊसाहेब: या ओळीनं तुमची नऊ वर्षांची वही रद्दीत जाईल, ताई. चौकशी लागेल ती पहिली तुमच्यावर. साहेब ती फाइल हातात धरून बसतील.

ताई: बसू देत. रोज उठून पूजेला बसायचं, आणि हे मनात ठेवून… नाही जमत.

भाऊसाहेब: मग माझंही ऐकून ठेवा. उद्या सतरावा विषय आला की ‘वाचला असे समजण्यात यावे’ मी म्हणणार नाही. उभा राहून सगळा दाखला वाचीन. तुमची ओळ आली की थांबीन, आणि आकडा वाचीन. मग रकाना कोणी टाइप केला तेही सांगीन.

ताई: आणि मला सोडलंत म्हणून साहेब रागावले तर?

भाऊसाहेब: सही झाल्यावर सोडा म्हणाले होते. सही झाली. जा तुम्ही, मागच्या जिन्यानं. थांबा… आणि पाण्यात काहीच नाही निघालं तर? आकडा चांगलाच आला तर?

ताई: तर जीव भांड्यात पडेल. तेही तिला सांगायचंच आहे.

भाऊसाहेब: कोणाला?

ताई: तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाळाच्या आईला. नाव विचारायचं राहिलंय तिचं. येते मी, भाऊसाहेब.