आपोआप पेटलेला ट्रॅक्टर

...आणि वर मलाच विचारतो, "भावोजी, बातमीत काय लिहिणार?" मी म्हटलं, तूच सांग बाबा, ट्रॅक्टर तुझा जळालाय. तर म्हणतो कसा, "लिहा की, आपोआप पेटला!"

आपोआप! तुम्हाला सांगतो, सगळा जन्म बातमीदारीत गेला माझा. गोदामं जळालेली पाहिली, दुकानं जळालेली पाहिली, एका पुढाऱ्याचं ऑफिस तर नेमकं चौकशीच्या आदल्या दिवशी जळालं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच... आपोआप! अहो, या जगात दाढी आपोआप वाढते, पोट आपोआप सुटतं. ट्रॅक्टर आपोआप पेटत नाही! तो पेटवावा लागतो. कष्ट करून, मन लावून, मोसमभर तयारी करून पेटवावा लागतो! आणि ती सगळी तयारी माझ्या मेहुण्यानं जातीनं केली होती. हा मेहुणा म्हणजे आमच्या हिचा एकुलता एक भाऊ, त्यामुळे घरात त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलतोय. ऐका गुमान!

मळणी चालू होती. मी गेलो होतो जेवायला. सहज बॉनेटखाली डोकावलो तर आत एवढा भुस्सा, एवढा भुस्सा, की एखाद्या म्हशीची दोन वेळची सोय झाली असती! म्हटलं, अरे, इंजिन तापतं, सायलेन्सर तापतो, हे साफ का नाही करत? तर म्हणतो, "भावोजी, रोज साफ केलं तर रोज करावं लागतं!" डिझेलची नळी गळत होती, तिला चिंधी बांधलेली. म्हटलं, गळायची थांबली का? "नाही, पण दिसत नाही आता." अहो, डिझेलनं भिजलेली चिंधी, खाली तापलेलं इंजिन आणि भोवती भुस्सा... याला दुरुस्ती नाही म्हणत, याला मशाल म्हणतात!

हसू नका. स्वतःच्या बॉनेटखाली कधी बघितलंय? बघा आधी, मग हसा.

त्यातून साहेबांना गाण्यांची हौस. ट्रॅक्टरला दोन स्पीकर, एकेक हा असा, पिंपाएवढा! गाणं रंगात आलं की फ्यूज जायचा. कुणीही शहाणा माणूस आवाज कमी करेल, हो की नाही? यानं मास्टरला बोलावलं. मास्टर म्हणजे जो पंखाही दुरुस्त करतो, पंपही दुरुस्त करतो आणि दोन्ही परत बिघडतात, तो! त्यानं फ्यूज काढून टाकला आणि तिथं तांब्याची जाड तार ठोकली. "आता हा जन्मात जायचा नाही, शेठ!" आणि खरंच नाही हो गेला! सगळा ट्रॅक्टर गेला, पण ती तार शाबूत आहे. राखेत सापडली. मास्टर छाती काढून दाखवत होता लोकांना!

आता तुम्ही विचाराल, आग विझवायचं काही नव्हतं का? होतं! ट्रॅक्टर घेतला तेव्हा मीच भेट दिलं होतं, ते लाल सिलिंडर. कुठं होतं? दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, टी-सेट आणि यांच्या लग्नाचा फोटो यांच्या मधोमध! वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं तर म्हणतात, "ट्रॅक्टरवर धूळ बसते हो, भावोजी. एवढी चांगली वस्तू!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, त्यात निदान दोन गावं तरी वेगळी आहेत. इथं आग अंगणात आणि बंब शोकेसमध्ये!

तर मळणी चालू, गाणं चालू, आणि बॉनेटमधून धूर. मेहुणा वर बसून नाक वर करून म्हणतो, "भावोजी, कुठंतरी काहीतरी जळतंय वाटतं." अरे, कुठंतरी? तू बसलायस त्यावर! मग उडी मारून पळाला घराकडे. कपाटाला कुलूप. किल्ली वहिनींकडे. वहिनी शेजारी. वहिनी आल्या, किल्ली आली, सिलिंडर आलं, प्लास्टिक निघेना! दातांनी फाडतोय! शेवटी माझ्या हातात कोंबतो, "तुम्ही शिकलेले, तुम्ही वाचा काय लिहिलंय!" तेवढ्यात शेजाऱ्यानं शहाणपणा करून जळत्या डिझेलवर बादलीभर पाणी ओतलं. डिझेल तरंगलं आणि आग घेऊन थेट कडब्याच्या गंजीला भेटायला गेलं! आणि हा... हा मेहुणा उलटा आगीत शिरला हो! कशासाठी? स्पीकरसाठी! मी कॉलर धरून ओढला. स्पीकर गेले ते गेलेच, दोन्ही भुवयाही गेल्या. आता कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. बंब आला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं, त्यांनी राखेला अंघोळ घातली आणि विचारलं, आग कशी लागली? मेहुणा म्हणाला, आपोआप!

मी बातमी लिहिली. भुस्सा, चिंधी, तार, शोकेस, सगळं! आमचा संपादक, माझ्या पोराच्या वयाचा, म्हणतो, "सर, एवढं कशाला? 'ट्रॅक्टरने अचानक पेट घेतला', एका ओळीत बसतंय." बसवलं त्यानं!

घरी ही रडतेय. "अहो, साऱ्या जगाला शहाणपण सांगता, माझ्या भावाला सांगता येत नाही? या वेळी भुवया गेल्या, पुढच्या वेळी तो गेला तर?" कारण मळणी अर्धी राहिलेली, आणि यानं कुठून तरी दुसरा जुना ट्रॅक्टर उभा केलेला. मग गेलो झक मारत. स्वतःच्या हातांनी भुस्सा काढला, शिंका देत देत. नळी बदलायला लावली, खरा फ्यूज बसवायला लावला. बजावलं, इंजिन निवल्याशिवाय डिझेल भरायचं नाही. आग मोठी झाली तर लांब पळायचं, स्पीकर गेला खड्ड्यात! आणि नवं सिलिंडर आणलंय ते ट्रॅक्टरवरच, हाताशी! म्हणाला, "तुमच्या गळ्याची शपथ, भावोजी." माझ्या गळ्याची. स्वतःचा गळा शिल्लक ठेवून!

काल बघायला गेलो. आणि काय सांगू, सिलिंडर ट्रॅक्टरवर! सीटच्या बाजूला, प्लास्टिक काढलेलं, वर चक्क धूळ! डोळे भरून आले हो माझे. म्हटलं, शिकला! जवळ गेलो... तर त्याला साखळी. साखळीला कुलूप. हे एवढं!

"चोरीला जातं हो, भावोजी!"

"आणि किल्ली?"

"आहे की! अगदी जपून ठेवलीय."

मी दारातल्या वहिनींकडे बघितलं. वहिनींनी आत शोकेसकडे बघितलं.

भांडलो, ओरडलो, पुन्हा माझ्याच गळ्याची शपथ मिळाली. मग घरी आलो आणि बातमी लिहून तयार ठेवली. ट्रॅक्टरने अचानक पेट घेतला, एका ओळीत बसतंय. फक्त तारीख तेवढी मोकळी सोडलीय. ती भरेल... आपोआप!