जाळीचा तुकडा

इंडियानातल्या त्या कॉलेजच्या गावात फ्रेमवाल्या मॅक्सीनच्या दुकानात रांग लागली होती. गल्ल्यापाशी गाड्यांचा व्यापारी व्हर्लिन होता, हातात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. त्याच्या मागे त्याचा शाळेपासूनचा मित्र ऑरविल. मॅक्सीन माप घेत होती आणि ऐकत होती.

"काय रे ते? बुटाची नाडी?"

"बास्केटबॉलच्या कड्याची जाळी आहे ही, विजेतेपदाची! शिडीवर चढून कापलीय. एकोणतीस सामने जिंकलो आपण."

"आपण? तू किती बास्केट टाकल्यास?"

"संघाला बस कुणी दिली?"

"अरे, जिंकल्यावर जाळीचा एकेक तुकडा खेळाडूंनी कापून न्यायचा असतो."

"कापली की त्यांनीही. पण आधी प्राचार्य चढले, मग त्यांची बायको, मग मी."

"वा! बाईंनी तर अंतिम सामना गाजवला असेल."

"जळतोस तू."

"जळतोय कसला! डेल्बर्टला किती मिळाली?"

"कोण डेल्बर्ट?"

"चार वर्षं राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून होता तो. लाल केसांचा."

"अच्छा, तो! गुणी पोरगा हं. आम्ही सगळे उतरेपर्यंत त्यानंच शिडी धरली होती."

"आणि मग?"

"मग काय, सगळ्यात शेवटी तोही चढला. वर नुसतं लोखंडी कडं उरलं होतं. हसत उतरला बिचारा."

मॅक्सीननं पेन्सिल उचलली.

"खाली पितळी पट्टीवर नाव कुणाचं घालू?"

"हे काय विचारणं झालं? माझंच!"

"डेल्बर्टचं घाल गं," ऑरविल म्हणाला. "चोरीच्या मालावर मालकाचं नाव असलेलं बरं."