बैलाचा पाय

आकुर्डी फाट्यावर एसटीच्या रांगेत दोन शेतकरी माझ्या पुढे उभे होते. त्यांतला तरणा म्हणाला,

“मारुतराव, आबाजीच्या इर्जिकीला सारा गाव नांगर घिऊन आला. तुमीच न्हाई दिसला?”

“बैलाचा डावा पाय लंगडतोय, असा सांगावा धाडला.”

“खरंच लंगडत व्हता?”

“न्हाई रं. आबाजीचं पोरगं पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलं. माझ्या पोराला न्हाई घेतलं. वर त्येचं रान मी नांगरून देऊ?”

“मग?”

“सांजच्याला इर्जिकीचं जेवान घिऊन त्योच माझ्या दारात. संगं हळद-तेल. म्हनला, कंचा पाय?”

“दावला?”

“गडबडीत उजवा दावला.”

“आरं द्येवा! मग काय बोलला?”

“खाली बसला आन दोन्ही पाय चोळलं. म्हनला, ह्येला आठ दिस जुंपू नगंस. तुझं रान माझी जोडी नांगरंल.”

“मग बरंच झालं की.”

“बरं कसलं! नोकरी त्येच्याच पोराला, आन वर असलं काळीज बी त्येलाच. दोनांतलं एक तरी मला नगं व्हय?”