दीडशेपैकी अठरा भाग

हॅलो?… हो, स्नेहलच बोलतेय… मोहना? अगं किती वेळ लावलास. दुपारपासून फोनजवळ बसलेय… बूथवरून बोलतेयस? रांग आहे मागे? असू दे. सांग त्यांना, बडोद्याला वडिलांचं ऑपरेशन आहे.

नाही, घाबरू नकोस. आज मंगळवार, ऑपरेशन शुक्रवारीच आहे… हो, अलकापुरीतले तेच डॉक्टर… विचारलं ना. स्पष्टच विचारलं. डावा डोळा तर गेलाच गं. उजव्याचं म्हणाले, आतला दाब कमी करून बघू, पण नजर राहीलच असं धरून चालू नका… आबांच्या समोरच म्हणाले.

आबा ना? उठले, चपला घातल्या, रिक्षात बसले. घरी आल्यावर म्हणाले, "स्नेहल, तुझ्या आईच्या कॅसेटी काढ."

हो, त्याच. 'तारकायान'च्या… सगळ्या आहेत. आईच्या कपाटात, जुन्या साडीत गुंडाळून.

हो, हो… अगं ऐक ना. तीन वर्षं दर रविवारी आपण दोघी ती मालिका बघत बसायचो आणि आबा तिकडे बाजव्याला, रिफायनरीत. रविवार सकाळची पाळी कायम त्यांच्याच गळ्यात. आई रेकॉर्डिंग लावायची आणि म्हणायची, रिटायर झाले की बघतील सावकाश. झाले की रिटायर एप्रिलमध्ये. आणि आता आई नाही, आणि हे असं.

दीडशे भाग आहेत, मोहना. टीव्हीने काही बिघडत नाही म्हणाले डॉक्टर, पण सहा भाग झाले की डोळ्याला धार लागते. आज, उद्या, परवा. म्हणजे अठरा. कुठले अठरा, ते तू सांग. तुला सगळी गोष्ट तोंडपाठ होती, मी नुसती शेजारी बसून शेंगा खायचे. पेन्सिल घेतलीय, बोल.

पहिला… बरोबर, यान निघतं तो… मग एकदम नववा? मधे काय होतं?… नुसती हाणामारी. बरं, नववा… चौदा… एकोणीस…

पंचवीस? तो रोबोटच्या लग्नाचा ना?… नको गं… तुला आवडायचा ते माहीत आहे. बारा वर्षांची होतीस तू… अगं, आबांना गोष्ट समजली पाहिजे. त्या रोबोटच्या वरातीवाचून काय अडतंय?… बरं, शेवटी जागा उरली तर बघू. तू पुढचे सांग.

बघतायत की. पहिला लावलाय आत्ता. पण भराभर होत नाही त्यांचं. यानाची कंट्रोल रूम आली की म्हणतात, थांबव. उठून टीव्हीला नाक लावतात. "लाल दिवा पेटलाय आणि एक माणूस खुर्चीतून उठत नाही? आमच्याकडे असता तर मेमो हातात पडला असता"… हो, हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

एक मिनिट हं… आवो मासी, दरवाजो खुल्लो ज छे. बरफ फ्रीजमां छे, लई लो ने… समोरच्या रंजनमासी, बर्फ न्यायला आल्यात. हं, बोल.

बावन्न… एकाहत्तर, कप्तानाला त्या ग्रहावर टाकून जातात तो… हो, तो हवाच. त्या दिवशी आईने भाजी करपवली होती, आठवतंय?… एकशेदहा. दोन भागांत आहे? मग एकशेअकराही… थांब, मोजते. सतरा झाले. आणि शेवटचा.

…

मोहना, शेवटचा नाहीये.

नाही म्हणजे नाही. कॅसेट आहे, पण त्यात गरबा आहे… मी केलं ते. आई कॅसेट भरली की तिच्या कडेचा तो प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकायची, वरून कोणी दुसरं भरू नये म्हणून. मी तिथे चिकटपट्टी लावली. केबलवर आमच्या कॉलेजचा गरबा दाखवणार होते आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. वाटलं, शेवटची नावं तेवढी पुसली जातील. सगळा भाग गेला. आणि मी दिसलेसुद्धा नाही त्यात… कोणाला सांगणार? सात वर्षं झाली. आई आजारी होती तेव्हा रोज ठरवायचे, आज सांगू. नाही सांगितलं. फार लागतं गं मनाला.

हो, पण ऐक, पुढे आहे. आज ती कॅसेट काढली, तर खोक्यात कागद. घडी करून ठेवलेला. आईचं अक्षर… तिला कळलं होतं गं. कधी एका शब्दाने बोलली नाही मला. बसून अख्खा भाग लिहून काढला. आणि वर काय लिहिलंय माहितीय? "कॅसेट खराब झाली म्हणून लिहिते." खराब झाली. माझं नाव नाही कुठे.

वाचते, थांब… "यान दोनशे वर्षांनी पृथ्वीवर परत येते. ओळखीचे कोणी उरलेले नाही. सगळे उतरायला घाबरतात. कप्तान एकटा उतरतो. एक म्हातारी झाडाला पाणी घालत असते. ती त्याच्याकडे बघते आणि विचारते"… थांब हं… काही नाही, आहे मी… "विचारते, फार उशीर झाला, जेवलात का."

तसं नव्हतं?… म्हातारी नव्हतीच? नक्की?… नुसतं वाळवंट दाखवलं आणि नावं आली?… कप्तान उतरतच नाही?

मग हे आईच्या मनचं. आबा पाळीवरून आले की दारातच विचारायची ना ती हे. ओव्हरटाइम करून संध्याकाळी आले तरी, तिचं स्वतःचं खाणं तोवर तसंच.

नाही. खरं काय होतं ते आबांना सांगायचं नाही. मोहना, शपथ घे… हाच शेवट. आणि हा त्या अठरात नको. शुक्रवारी डोळ्यावर पट्टी बांधतील, तेव्हा वाचू. पट्टी काढल्यावर जे निघायचं ते निघो, त्यांची गोष्ट तोवर पुरी झालेली असेल.

म्हणजे एक जागा रिकामी झाली बघ… लिहिते, लिहिते. पंचवीस. रोबोटचं लग्न. झालं समाधान?

पण मला नाही वाचता येणार गं. आत्ताच ऐकलंस ना, तिथे येऊन आवाजच निघत नाही. आणि मी कुठल्या तोंडाने वाचू?… नाही, तू ये. शाळेत तुझ्या वर्गाच्या परीक्षा आहेत, माहीत आहे. हेडबाईंना सांग, परीक्षा दर वर्षी असते… मी कधी बोलावलंय तुला असं? आईच्या वेळीही नव्हतं बोलावलं, तेच चुकलं माझं. ये, मोहना.

येतेस?… परवाची गाडी. नक्की ना?… बरं. स्टेशनवर येते मी.

हो आबा, आले… पहिला संपला वाटतं. नववा लावायचाय आबा, आता… काय? मधले कुठे गेले विचारतायत… हाणामारी आहे नुसती, आबा… नाही, कोणी मेलं नाही. सगळे आहेत यानात.

ठेवते गं आता. रिमोट त्यांना दिसत नाही… हो, परवा. आणि मोहना, शाळेतून तशीच आलीस ना बूथवर? जेवलीस का?

हॅलो?… मोहना?… हॅलो?