घाईचा नाताळ

सून : आई, आधी स्टुलावरून उतरा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विसरलात?

सासू : उतरते गं. तारा सरळ लागला का सांग. तू ऑफिसातून यायच्या आत सगळं उरकायचं होतं. तुझा नाताळ ना आज! केकही केलाय, चांगला अंडी-लोणी घालून.

सून : छान आहे.

सासू : छान, आणि तोंड असं? काय चुकलं?

सून : काही नाही.

सासू : तुझा नवरा नापास झाला की असंच म्हणायचा. बोल.

सून : आमचा नाताळ आज नसतो, आई. आमचं ऑर्थोडॉक्स चर्च जुनं कॅलेंडर मानतं, ते तेरा दिवस मागे चालतं. अजून दोन आठवडे आहेत. तोवर उपास. दूध नाही, अंडं नाही.

सासू : अगंबाई! म्हणून कोरा चहा! मी मेली समजत होते, माझ्या हातचं नकोसं झालंय हिला. अगं, पण बाळ अंगावर पितंय!

सून : पाजणारीला सूट असते.

सासू : मग घेतली का नाहीस?

सून : या घरात तेवढंच एक माझं होतं. बाकी सगळं तुमचं शिकले. आवडीनं शिकले हं, तसं नाही… रागावलात?

सासू : स्वतःवर. आमच्या नव्या वर्षाला माझ्याआधी उठतेस तू. आणि मी कधी साधी तारीख विचारली नाही. म्हणून बॅग भरून ठेवलीस?

सून : बघितलीत?

सासू : बाळाची लोकरीची टोपी वरच होती.

सून : त्याचा पहिला नाताळ. इथं होईल असं वाटलं नव्हतं. माहेरी जाणार होते.

सासू : जा की. कोण अडवतंय? … नको, जाऊ नकोस. त्याला वाटायचं, आईचा सण घराबाहेरच असतो.

सून : आई, डोळे पुसा बघू.

सासू : पुसते. या केकचं काय करू?

सून : तुमच्या मुलाला द्या. त्याला कुठलीही तारीख चालते.

सासू : ते खरं. घरात दोन-दोन नवी वर्षं येतात, हा दोन्हींना घोरत असतो! बरं, तुझ्या मम्मीला फोन लाव. म्हणावं, यंदा तुम्हीच या.

सून : ती संकोचेल हो. कधी राहिली नाही इथं.

सासू : तिला सांग, कडेची खोली आहे. खिडकी जरा वाजते रात्री, पण मी फटीत कापड कोंबून ठेवते म्हणावं.