सुखनाचं बदक आणि आईंच्या गोष्टी

हॅलो?… कोण, आसावरी? हां, रघुवीरकाकाच बोलतोय. आधीच सांगतो, कुण्णाचा विश्वास बसणार नाही!… अगं हो, हो, पुस्तकांचंच. परवा तुझी ई-बुकांची लायब्ररी कॉम्प्युटरवर उघडून बसलो होतो, तर खिडकीतून बदक आलं.

बदक!… सुखना तलावावरचं. थेट सैबेरियाचं… आता ते सेक्टर बावीसला आमच्या घरी कशाला आलं, हे मी त्याला विचारायचं होतं का? आलं, कीबोर्डवरून तुरुतुरु चाललं आणि डेटाबेस खलास! सगळी पुस्तकं गुल.

अगं ऐक ना… घाबरू नकोस. तुझ्या सासूबाईंनी, आईंनी लिहिलेल्या गोष्टी शाबूत आहेत. फायली जागेवरच होत्या, यादी तेवढी विस्कटली होती. खालच्या दुकानातल्या सरदारजींनी ती पुन्हा उभी करून दिली. वर मलाच म्हणतात, ‘अंकलजी, अब हाथ मत लगाना.’ करणी बदकाची, दम मला!

हो, आज आईंचा पहिला स्मृतिदिन, लक्षात आहे. तुझा ई-बुक रीडर पाचपर्यंत चंडीमंदिरला, तुमच्या छावणीत पोचवतो… सगळ्यांच्या हातांतून फिरवणार? वा! परत आला म्हणजे मिळवली. तुम्हा फौजी मंडळींनी नेलेली माझी पुस्तकं अजून जम्मू-जोधपूर करताहेत. म्हणून मी म्हणतो, पुस्तक हाती आलं की आधी आपलं नाव घालावं… छे छे, कागदाच्या पुस्तकांचं म्हणतोय मी!

आईंच्या पुस्तकावर काय दिसतं?… दिसतं की. ‘तिखटमिठाच्या गोष्टी’. झकास… लेखिका? थांब, चष्मा… नाही, रत्नप्रभा असं नाही अगदी… जरा वेगळं… बरं बाई, वाचतो. ‘रघुवीर त्र्यंबक गोगटे’.

…हो. सगळ्यांवर तेच… इंग्रजी डिक्शनरीवरसुद्धा. अगं, बदकच ते! त्याला काय कळतंय, कुठे पाय द्यावा?

काय?… हळू बोल, इथे तुझी नलिनीकाकू पोट धरून हसतेय… ऐकलं गं, ऐकलं. बदकाला माझ्या वडिलांचं नाव कुणी सांगितलं, म्हणतेस…

हॅलो?… आवाज तुटतोय हं… टाकतोय, आईंचंच नाव टाकतोय… हॅलो?…